काटकसर की कंजूषपणा? ऑकलंडच्या बेसबॉल संघाचे हिवाळे

"क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळाचा इतिहास सांग की," असं बरेच जण लिहीत होते. तर घ्या, आज बेसबॉल. घाबरू नका, नियम फारसे लागणार नाहीत. कारण आजची गोष्ट मॅचेसची नाहीच. मॅचेस बंद असतात तेव्हाची आहे.

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबर संपता संपता आटोपतो. मग थंडीचे चार-पाच महिने चाहत्यांनी करायचं काय? गप्पा मारायच्या. कोण कुठे जाणार, कुणाला किती मिळणार, आपला मालक यंदा तरी खिशात हात घालणार का. या गप्पांना तिकडे 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. तापलेल्या शेगडीभोवती बसून मारलेल्या गप्पा. आपल्याकडे शेकोटीभोवती चालतात तशाच.

आयपीएलच्या लिलावाआधी आपणही हेच करतो. पण एक मोठा फरक लक्षात ठेवा. आयपीएलमध्ये सगळ्या संघांना पर्स सारखी असते. बेसबॉलमध्ये तसं नाही. एका आकड्याच्या वर गेलात तर कर भरावा लागतो, पण खर्च करायला बंदी नाही. त्यामुळे न्यूयॉर्क यांकीजसारखा संघ एका खेळाडूवर जेवढे उधळतो, तेवढ्यात दुसऱ्या एखाद्याचा अख्खा संघ उभा राहतो.

दुसरा नियम आजच्या गोष्टीचा कणा आहे. नवा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो त्याच संघाच्या हक्कात असतो. पहिली तीन वर्षं जवळजवळ किमान पगारावर. पुढची तीन वर्षं लवादाने ठरेल त्या पगारावर. सहा वर्षं भरली की तो 'फ्री एजंट', हवं तिथे जायला मोकळा. म्हणजे गरीब संघाच्या हातात प्रत्येक चांगला खेळाडू सहा वर्षांचं घड्याळ बांधूनच येतो.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. २०२३ मध्ये कंपनीने मला पुण्याहून काही महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात क्लायंटकडे पाठवलं होतं. तिथे आमच्या टीममध्ये टेस्टिंग बघणारे पन्नाशीचे एक गृहस्थ होते, जन्मापासून ऑकलंडचे. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर कायम हिरव्या-पिवळ्या जर्सीचा ढीग. मी एकदा विचारलं, एवढ्या जर्सी कशाला? तर म्हणाले, "ज्याचं नाव पाठीवर घेतो, त्याला हे लोक विकतात. आता मी नाव नसलेलीच घेतो."

मला हसू आलं. कारण ऑकलंड ॲथलेटिक्स, लोकांचा लाडका 'एज', हा तर माझा हिरो संघ! कॉलेजात 'मनीबॉल' सिनेमा किती वेळा बघितला असेन. आमच्यासारख्या डेटावाल्यांना तो पाठच असतो. कमी पैशांत डोकं लावून श्रीमंतांना हरवणारा संघ, आणि हा माणूस तक्रार करतोय?

तर आधी तो प्रसिद्ध हिवाळा बघू.

२००१ चा मोसम. ऑकलंडने १०२ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये यांकीजविरुद्ध पाचच्या मालिकेत २-० ने पुढे होते, आणि तरी २-३ ने हरले. त्या हिवाळ्यात त्यांचे तीन खेळाडू फ्री एजंट झाले. फर्स्ट बेसवरचा जेसन जिआंबी, २००० सालचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याला यांकीजनी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. जॉनी डेमन बॉस्टनला गेला, चार वर्षं, ३ कोटी १० लाख. शेवटच्या षटकांच्या बोलरसारखं काम करणारा, म्हणजे तिकडच्या भाषेत 'क्लोजर', जेसन इझरिंगहाउझन सेंट लुइसला गेला, चार वर्षं, २ कोटी ७० लाख. ऑकलंडच्या अख्ख्या संघाचा २००२ चा वर्षाचा पगार किती? सुमारे ४ कोटी. यांकीजचा सुमारे साडेबारा कोटी.

जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहायक पॉल डिपोडेस्टा यांनी हिशेब मांडला. बाजार होम रन आणि धावण्याच्या वेगाला जास्त भाव देतो. पण फटका मारून असो नाहीतर चार खराब चेंडू सोडून फुकट बेस मिळवून असो, जो खेळाडू आउट न होता बेसवर पोचतो, त्याला बाजार कमी भाव देतो. मग असे खेळाडू गोळा करा.

स्कॉट हॅटेबर्ग हा बॉस्टनचा कॅचर होता. कोपराच्या नसेला इजा झाल्याने त्याला नीट थ्रो करता येईना. याला उचला आणि फर्स्ट बेसवर उभं करा. तिथे फेकायचं काम कमी. डेव्हिड जस्टिस, उतरत्या वयाचा नावाजलेला बॅटर. यांकीजनी तो न्यूयॉर्कच्याच मेट्सना दिला आणि मेट्सकडून आठवडाभरात तो ऑकलंडला आला. क्लोजरची जागा भरायला टोराँटोकडून बिली कॉक. टोराँटोचा नवा जनरल मॅनेजर कोण? जे. पी. रिचार्डी, कालपरवापर्यंत बीनचाच सहकारी.

शिवाय आणखी एक गंमत. फ्री एजंट दुसरीकडे गेला की त्या काळी जुन्या संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, जादा नंबर मिळायचे. डेमन गेला त्या बदल्यात बॉस्टनच्या नंबरवर ऑकलंडने निक स्विशर घेतला. जिआंबीच्या बदल्यात यांकीजच्या नंबरवर जो ब्लँटन. दोघेही पुढे मोठ्या लीगमध्ये चांगले खेळले. थोडक्यात काय, तर जाणाऱ्याचीही किंमत वसूल करायची.

२००२ मध्ये या संघाने १०३ सामने जिंकले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक जास्तच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सलग २० जिंकले, आणि विसाव्या सामन्यात ११-० ची आघाडी घालवून ११-११ झाल्यावर होम रन कुणी मारला? हॅटेबर्गने. मायकल लुईस यांचं पुस्तक २००३ मध्ये आलं, २०११ मध्ये ब्रॅड पिटचा सिनेमा.

पण सिनेमात जे जवळजवळ दिसत नाही, ते ऐका. त्या संघाचा खरा जोर होता तीन तरुण पिचर्सवर: टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो. आणि शॉर्टस्टॉप मिगेल तेहादावर. २००२ चा सर्वोत्तम पिचरचा 'साय यंग' पुरस्कार झिटोला, सर्वोत्तम खेळाडूचा तेहादाला. हे सगळे ऑकलंडनेच घडवलेले आणि सहा वर्षांच्या घड्याळात अडकलेले, म्हणून स्वस्त. बीनचं डोकं खरंच तेज होतं, वादच नाही. पण स्वस्ताईचा मोठा भाग डोक्यातून नाही, नियमातून आला होता. आणि घड्याळ थांबत नाही. तेहादा २००३ च्या डिसेंबरात बॉल्टिमोरला गेला, सहा वर्षं, ७ कोटी २० लाख. २००४ च्या डिसेंबरात हडसन आणि मल्डर दोन-तीन दिवसांच्या अंतराने ट्रेड झाले.

आणि सगळे सौदे काही फायद्याचे नव्हते. बिली कॉकच्या बदल्यात टोराँटोला दिलेल्या दोघांत एरिक हिन्स्की होता. तो २००२ चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला!

आता तुम्हाला वाटेल, ही खेळाडू विकायची सवय २००१ मध्ये लागली. नाही. हा या संघाचा खानदानी धंदा आहे. जरा मागे जाऊ.

१९०१. संघ तेव्हा फिलाडेल्फियात होता. मॅनेजर कॉनी मॅक, जो पुढे मालकही झाला आणि ५० वर्षं संघ चालवत राहिला. १९१०, १९११, १९१३ ला वर्ल्ड सीरिज जिंकली. १९१४ ला अंतिम मालिका चारही सामने गमावून हरले. तेव्हा फेडरल लीग नावाची प्रतिस्पर्धी लीग जास्त पगार देऊन खेळाडू ओढत होती. मॅकने पगार वाढवण्याऐवजी संघ मोडला. एडी कॉलिन्ससारखा खेळाडू शिकागोला ५० हजार डॉलरला विकला. १९१५ मध्ये संघ १०९ सामने हरला आणि १९१६ मध्ये ११७.

मॅकने पुन्हा संघ बांधला. १९२९ आणि १९३० ला पुन्हा अजिंक्य. मग महामंदी आली, प्रेक्षक आटले आणि पुन्हा विक्री. १९३२ मध्ये अल सिमन्ससह तिघे एक लाखाला. १९३३ च्या डिसेंबरात लेफ्टी ग्रोव्ह बॉस्टनला, मिकी कॉक्रन डेट्रॉइटला. १९३५ मध्ये जिमी फॉक्स बॉस्टनला, दीड लाखाला. सिमन्स, ग्रोव्ह, कॉक्रन, फॉक्स, चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले.

मॅकबद्दल मला थोडी कणव वाटते. तिकीटविक्री सोडली तर त्याच्याकडे दुसरं उत्पन्न फारसं नव्हतं. घरात खरोखरच नसलं की दागिने मोडतात, तसं ते होतं.

१९५५ ला संघ कॅन्सस सिटीत गेला. तिथून इतके चांगले खेळाडू यांकीजकडे जात राहिले की लोक टोमणे मारायचे. त्यातलाच रॉजर मॅरिस, डिसेंबर १९५९ चा ट्रेड. १९६१ मध्ये यांकीजसाठी ६१ होम रन मारून त्याने बेब रूथचा विक्रम मोडला. दरम्यान संघ चार्ली फिन्ली या विमाव्यवसायातल्या माणसाने घेतला आणि १९६८ मध्ये ऑकलंडला हलवला.

फिन्लीच्या संघाने १९७२, १९७३, १९७४, सलग तीन वर्ल्ड सीरिज जिंकल्या. आणि मोडल्या कशावरून? पैशांवरून. कॅटफिश हंटर या पिचरच्या करारातला ५० हजारांचा एक हप्ता फिन्लीने भरला नाही. लवादाने डिसेंबर १९७४ मध्ये करार रद्द ठरवून हंटरला मोकळं केलं आणि यांकीजनी त्याला पाच वर्षांसाठी ३० लाखांहून जास्त दिले. ५० हजार वाचवायला गेला आणि घरचा सर्वांत मोठा पिचर घालवून बसला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका निवाड्याने खेळाडूंना कायम बांधून ठेवणारं जुनं कलम निकाली निघालं.

आता सगळेच फुकटात जाणार, हे फिन्लीने ओळखलं. १५ जून १९७६ ला त्याने जो रूडी आणि रॉली फिंगर्स बॉस्टनला प्रत्येकी १० लाखांना आणि व्हायडा ब्लू यांकीजना १५ लाखांना विकला. तीनच दिवसांत बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी सौदे रद्द केले. कारण? खेळाच्या हिताविरुद्ध. फिन्ली कोर्टात गेला, तिथेही हरला. मग एकेक खेळाडू निघून गेला. १७ एप्रिल १९७९ च्या एका सामन्याला प्रेक्षक होते फक्त ६५३. आपल्याकडे गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेच्या फायनलला याहून गर्दी असते.

इथे थांबा, कारण पुढचा भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१९८० मध्ये फिन्लीने संघ वॉल्टर हास यांना विकला. लीव्हाय स्ट्रॉस, म्हणजे जीन्सवाल्या कंपनीचं घराणं. त्यांनी खेळाडू घडवले, लागेल तिथे खर्चही केला. १९८८, ८९, ९० अशी सलग तीन वर्षं संघ वर्ल्ड सीरिजमध्ये, १९८९ ला विजेता. आणि १९९० मध्ये प्रेक्षक किती? २९ लाख. शहर तेच आणि मैदानही तेच, जिथे अकरा वर्षांपूर्वी ६५३ लोक होते.

म्हणजे "ऑकलंडमध्ये बाजारच नाही, लोक येतच नाहीत" हे वाक्य आकडे टिकू देत नाहीत. लोक येत होते. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की आज ज्याच्यावर जीव लावला तो उद्या दिसेल.

१९९५ मध्ये हास वारले. त्याच वर्षी संघ नव्या मालकांकडे गेला आणि खर्चाला कात्री लागली. 'मनीबॉल'चा जन्म त्या कात्रीतून झाला. २००५ पासून मालकीत जॉन फिशर आले, गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. कॉनी मॅकसारखी घरात चणचण असायचं कारण नव्हतं. पण सवय तीच राहिली, आणि आता तिला एक देखणं नावही मिळालं होतं: हुशारी.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जॉश डोनाल्डसन टोराँटोला दिला, बदल्यात चौघे. पुढच्याच वर्षी डोनाल्डसन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०२० च्या मोसमानंतर मार्कस सेमियन, ऑकलंडच्या जवळपासच वाढलेला शॉर्टस्टॉप, फ्री एजंट झाला. त्याला १ कोटी ८९ लाखांची एका वर्षाची ठरावीक ऑफर तरी द्यायची, निदान भरपाईचा नंबर मिळाला असता. तीही दिली नाही. त्याने पुढच्या वर्षी टोराँटोसाठी ४५ होम रन मारले. आणि मग २०२२ चा मार्च: लॉकआउट उठला आणि आठवडाभरात क्रिस बॅसिट मेट्सकडे, मॅट ओल्सन अटलांटाकडे, मॅट चॅपमन टोराँटोकडे. ओल्सनला अटलांटाने दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांचा, १६ कोटी ८० लाखांचा करार दिला. पुढच्या डिसेंबरात कॅचर शॉन मर्फीही अटलांटालाच.

आता मी काय केलं ते कबूल करतो. आमच्या त्या सहकाऱ्यांना पटवायला मी एक शीट बनवली. प्रत्येक ट्रेड, खेळाडूची हक्कातली किती वर्षं उरली होती, बदल्यात किती वर्षं मिळाली, किती पगार वाचला. रंगबिरंगी. आणि दाखवून म्हणालो, बघा, ओल्सनची दोनच वर्षं उरली होती, विकणं तर्कशुद्धच होतं.

त्यांनी शांतपणे बघितली. मग म्हणाले, "छान आहे. पण हा मालकाचा हिशेब आहे. वाचलेले पैसे कुठे गेले, तो कॉलम कुठंय? आणि माझा हिशेब कोण करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २००२ मध्ये वाचलेला पैसा निदान संघातच फिरत होता, १०३ विजय दिसत होते. २०२२ मध्ये संघ १०२ सामने हरला आणि २०२३ मध्ये ११२.

१३ जून २०२३ ला ते मला मॅचला घेऊन गेले. मालक म्हणत होता प्रेक्षक नाहीत, म्हणून संघ लास वेगासला न्यायचाय. महिनाभर आधी एका सामन्याला २,०६४ लोक होते, हेही खरं. मग चाहत्यांनी ठरवलं, उलटा बहिष्कार टाकायचा. एक दिवस सगळ्यांनी यायचं. स्टेशनवरून पूल ओलांडून आम्ही मैदानाकडे गेलो तर बाहेर हिरवे टीशर्ट वाटत होते. त्यावर एकच शब्द: 'सेल'. विका, पण खेळाडू नाही, संघ विका. २७,७५९ लोक आले. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला ठरवून सगळे गप्प बसले, आणि मग अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडायला लागलं, "सेल द टीम." माझ्या अंगावर काटा आला. संघ टॅम्पा बे रेजविरुद्ध २-१ ने जिंकलाही, सलग सातवा विजय. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने वेगासच्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटींपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये सगळ्या ३० संघमालकांनी स्थलांतराला एकमताने होकार दिला.

२६ सप्टेंबर २०२४ ला ऑकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक. ऑकलंड ३-२ ने जिंकलं.

आणि आता या गोष्टीतली सगळ्यात कडू गंमत. संघ वेगासचं स्टेडियम होईपर्यंत सॅक्रमेंटोच्या एका छोट्या मैदानात गेला. आणि तो पहिलाच हिवाळा, डिसेंबर २०२४. त्यांनी लुइस सेवेरिनो या पिचरला तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख दिले. संघाच्या इतिहासातला तोपर्यंतचा सर्वांत मोठा करार! आधीचा विक्रम २००४ चा, एरिक चॅवेझचा, ६ कोटी ६० लाखांचा. एवढी वर्षं जे जमत नव्हतं, ते ऑकलंड सोडल्यावर जमलं. तेव्हाच्या बातम्यांत कारणही येत होतं: लीगमधल्या सामायिक उत्पन्नाचा वाटा घेणाऱ्या संघाने पगारावर पुरेसा खर्च केला नाही, तर खेळाडूंची संघटना दाद मागू शकते. म्हणजे पैसा बाहेर निघाला, पण चाहत्यांच्या ओरडण्याने नाही.

आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, काटकसर आणि कंजूषपणा. आजीने जुन्या साडीची गोधडी शिवली तर ती काटकसर, कारण ऊब घरातल्याच माणसांना मिळते. तिजोरी भरलेली असताना पोराच्या ताटातली भाकरी मोजणं हा कंजूषपणा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीकडे आकडा कमीच असतो. फरक कळतो तो वाचलेलं कुणाच्या वाट्याला जातं, यावरून. 'मनीबॉल'ने आम्हा लाखो लोकांना मॅनेजरच्या खुर्चीत बसून विचार करायला शिकवलं. त्यात मजा होती, अजूनही आहे. पण त्या खुर्चीत बसल्यावर स्टँडमधला आपला स्वतःचा हिशेब मांडायचाच राहून गेला. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्याचा ट्रेड झाला, त्याला कॅप्टन केलं आणि वानखेडेवर लोकांनी हुर्यो उडवली, तेव्हा मीही मित्रांना म्हणत होतो, "अरे भावनेत वाहू नका, डील बघा." आता तसं म्हणताना जीभ अडखळते.

पुण्यात परत आल्यावर मला एक काम आलं होतं. टीममधल्या प्रत्येकाचा खर्च आणि बिलिंग एका शीटमध्ये मांडायचं. मी बनवली, बनवावी लागतेच. फक्त या वेळी एक कॉलम जास्त टाकला: हा माणूस गेला तर मागे राहिलेल्यांचं काय होईल. मीटिंगमध्ये त्या कॉलमवर कुणी काही बोललं नाही. पण तो काढायलाही कुणी सांगितलं नाही.

ते सहकारी अजून कधीतरी मेसेज करतात. सॅक्रमेंटोला गेले नाहीत. पण डिसेंबर आला की कोण कुठे गेला हे मला तेच आधी कळवतात. शेगडी विझली तरी माणूस उठत नाही तो असा.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या लाडक्या संघाने विकलेला, आणि तुम्हाला अजून न पचलेला खेळाडू कोण, ते नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.